अंबूला आराम पडला

मूल हे देवाघरचे फूल आहे. परंतु फुलाला आवाज नसतो, ही गोष्ट आमच्या सोलापुरातल्या मुलांच्या ध्यानात सन १९३३ पर्यंत कोणीच आणून दिली नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी डॉ. चन्नवीर यांनी नवी पेठेच्या मागच्या बोळात ‘बालस्वभाव सुधार केंद्र’ काढले. मुलांच्या मनाच्या व्याधींवरचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ डॉक्टरांनी मुंबईस पाहिला होता (वाचला असे ते कधीच म्हणाले नाहीत, डॉक्टर खोटे बोलत नाहीत). मी केंद्राचा चिटणीस. केंद्राची कीर्ती वाढावी म्हणून पुढील हकीकत घडली तशी लिहीत आहे.

पहिल्या वर्षी एकेचाळीस मुले दाखल झाली. पैकी हट्टी सतरा, रडकी चौदा, ‘का?’ विचारणारी नऊ, आणि एक मुलगा नुसताच गप्प बसे (त्याला काही होत नव्हते, पण बापाने एवढ्या उन्हातून आणलाच होता, तर परत कसा पाठवायचा?).

आजार निरनिराळे, पण औषध एकच, यातच डॉक्टरांची बुद्धी दिसते. मुलाला रहाटापुढे बसवायचे. एका हाताने चाक फिरवायचे, दुसऱ्याने सुताची कांडी भरायची. सूत तुटू द्यायचे नसेल तर मान वर करता येत नाही, आणि मान खाली असली की भांडायला, विचारायला समोर कोणी उरत नाही. मन आपोआप ठिकाणावर येते. केंद्राच्या भिंतीपलीकडे डॉक्टरांच्या मेहुण्यांचे चौदा माग आहेत, त्यामुळे भरलेल्या कांड्या वाया जात नाहीत. कारखान्यांच्या कायद्याने बारा वर्षांखालच्या मुलाला काम देता येत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. उपचार देऊ नयेत असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. मूल बरे झाले म्हणून कांड्या वाढतात, की कांड्या वाढल्या म्हणून मूल बरे होते, यावर केंद्राच्या समितीत अजून वाद आहे. कांड्यांवर वाद नाही.

अंबूचे प्रकरण मात्र अवघड होते. वय नऊ. बाप कोंडीबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. आईही त्याच गिरणीत होती. ती तापाने गेली. तेव्हापासून संध्याकाळचा भोंगा झाला की पोरगी हातातले टाकून दाराशी पळे, कामावरून सुटलेल्या बायकांची तोंडे एकेक करून न्याहाळी, आणि शेवटची बाई निघून गेली की रडायला लागे. बापाला ते बघवेना. कोणीतरी त्याला केंद्राचा पत्ता सांगितला आणि त्याने ‘बरी होईपर्यंत’ अशा मजकुरावर अंगठा उठवून दिला.

बरे होणे म्हणजे काय, याबद्दल नियम सात स्पष्ट आहे. घरी जावेसे वाटणे हे रोगाचे मुख्य लक्षण होय. सबब ज्याला घरी जायचे आहे त्याला सोडता येत नाही. ज्याला जायचे नाही, त्याला इच्छेविरुद्ध घालवून देणे ही तर क्रूरताच. या नियमामुळे वर्षभरात केंद्रातून एकही मूल निघून गेले नाही. एवढी लोकप्रियता गावातल्या एकाही शाळेला लाभलेली नाही.

तिसऱ्या आठवड्यात अंबू ‘घरी जायचंय’ म्हणाली. तिला उपचाराचे दोन महिने वाढवून दिले. पुन्हा म्हणाली, पुन्हा दोन. मग म्हणायची थांबली.

आठव्या महिन्यात करकंबहून तिची मावशी गोजरबाई आली. पदरात शेंगा बांधलेल्या. माय मरो नि मावशी जगो, अशी म्हण आपल्यात आहे (केंद्राला ही म्हण गैरसोयीची वाटते).

“लेकराला न्यायला आलेय,” ती म्हणाली. “तिच्या बापानंच सांगितलंय. माज्या पोरींत वाढंल की.”

“बाई, ती अजून बरी नाही,” डॉक्टर शांतपणे म्हणाले.

“काय झालंय तिला?”

“आईसाठी रडते.”

“मंग आई मेल्यावर रडंल न्हाय तर काय गाणं म्हनंल व्हय?”

(प्रश्न विचारण्याची खोड आईच्या माहेरची आहे, असे मी टिपून घेतले.)

डॉक्टर न्यायी आहेत. ते म्हणाले, “मुलीलाच विचारू. अंबू, घरी जायचंय?”

अंबूला नियम पाठ होता. सुटायचे तर ‘नाही’ म्हणावे लागते, हे तिला आठ महिन्यांत पक्के उमगले होते. नियमाचा उरलेला भाग आम्ही मुलांना सांगत नाही.

“न्हाय,” ती म्हणाली. रहाट सोडून उठली आणि मावशीचा हात धरून दाराकडे चालू लागली.

“शाब्बास!” डॉक्टर म्हणाले. “अगदी खडखडीत बरी झाली. आता तिला राहायचंय, तर आपण कोण नेणारे?” आणि त्यांनी हात सोडवून तिला परत रहाटापुढे बसवले.

“न्हाय! जायाचंय मला! मावशे, जायाचंय!” पोरगी किंचाळली.

“पाहिलंत?” डॉक्टर हळहळले. “तुम्ही आलात आणि रोग उलटला.” मी दोन महिने वाढवले.

गोजरबाई डॉक्टरांच्या पाया पडली, मग त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग शिपायाने तिला बाहेर नेले. कोंडीबाचा अंगठा आमच्याकडे होता. तिच्याकडे शेंगा होत्या. त्या उंबऱ्यावर ठेवून ती गेली.

थोड्या वेळाने भोंगा झाला. आम्ही सगळ्यांनी अंबूकडे पाहिले. तिने मान वर केली नाही. सूत तुटले नाही. त्या दिवशी तिने चौऱ्याऐंशी कांड्या भरल्या, हा केंद्राचा उच्चांक आहे. त्यानंतर ती रडली नाही, हसली नाही, काही मागितलेही नाही. मला गलबलून आले, हे मी लपवत नाही (उपचारांची वयोमर्यादा चौदा आहे, म्हणून मी सुटतो). डॉक्टरांनी तिच्या कागदावर ‘आराम’ असा शेरा मारला आणि ती केंद्रातच राहिली.

केंद्राची शाखा आपल्या गावी काढावी, अशी पत्रे वाचकांकडून येत असतात. त्यांना विनंती की, आधी घरीच एक परीक्षा करून पाहावी. आपण हे वाचायला बसल्यापासून आपले मूल एकदाही आपल्याजवळ आलेले नाही. त्याने काही विचारले नाही, मागितले नाही, रडले नाही. आणि किती शहाणे आहे म्हणून आपल्याला बरेही वाटले. असे असेल, तर पत्राची तसदी घेऊ नये. आपल्याकडे शाखा उत्तम चालू आहे.