चिनी अर्जाचा मुहूर्त

साऱ्या जगाची वेळ पूर्वी उज्जैनवरून मोजत असत, हे ज्याला ठाऊक नाही तो एक तर परगावचा, नाही तर पागेसरांच्या हाताखालून न गेलेला. शरच्चंद्र पागे यांनी हयातभर भूगोल शिकवला. दर वर्षी पोरांची वरात वेधशाळेत न्यायची, सूर्यघड्याळापुढे उभी करायची आणि सांगायचं, "ग्रीनिच हे कालचं पोर आहे. मूळ रेषा आपली." रिटायर झाल्यावर वर्ग सुटला, पण धडा काही सुटला नाही. तो आता घरच्यांना ऐकावा लागे.

घरी ऐकायला दोघी. बायको सुनंदा आणि मुलगी निहारिका. निहारिकाला डॉक्टर व्हायचं होतं. दुसरं काहीच व्हायचं नव्हतं. दोनदा प्रवेश परीक्षा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. पोरगी बिचारी रडायचीही नाही, नुसती पुस्तकं आवरून ठेवायची, आणि ते बघून सरांनाच रडू यायचं. त्यात सरांची थोरली बहीण अक्का देवासहून एक स्थळ घेऊन राहायलाच आली. मुलगा वीज मंडळात, स्वतःची मोटरसायकल, पत्रिका जुळलेली.

"यंदा नंबर लागला तर लागला," अक्का म्हणाली. "नाही तर देवासला हो कळवायचं. कबूल?"

"कबूल," निहारिका म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

आणि मग तिनेच टावर चौकातल्या सायबर कॅफेत तो रस्ता शोधून काढला. एक वेबसाइट होती. तिच्यावर एकदाच अर्ज भरायचा, आणि ते लोक तो चीनमधल्या चार-पाच मेडिकल युनिव्हर्सिट्यांना पाठवायचे. खर्च आपल्याकडच्या खासगी कॉलेजांपेक्षा पुष्कळच कमी. सरांनी भिंतीवरच्या नकाशात चीन बघितला, जणू तो जागेवर आहे की नाही याची खात्री करून घेत होते.

"पूर्वेला आहे," ते म्हणाले. "उत्तम दिशा. भरून टाक."

गुरुवारी बाप-लेकीने कॅफेत बसून सगळा अर्ज भरला. उरलं फक्त शेवटचं बटण. वेबसाइटवर ठळक अक्षरांत होतं, शेवटची मुदत शुक्रवार संध्याकाळी पाच. त्याच्याखाली बारीक अक्षरांत आणखीही काही होतं, पण सरांचा वाचायचा चष्मा घरी राहिला होता.

"दाबू का, बाबा?"

"थांब. तीस वर्षं ज्या गावात काळाचं माहात्म्य शिकवलं, तिथे माझ्या मुलीचा अर्ज असा आंधळेपणाने जाणार नाही. बटण मी दाबणार, मुहूर्तावर."

अक्काने पंचांग उघडलं. विशाखा सुटून सव्वाचारला अनुराधा लागत होती. प्रवासाला एक नंबर नक्षत्र. म्हणजे सव्वाचारला बटण, पाचला मुदत. मध्ये पाऊण तास मोकळा. सर म्हणाले, "याला म्हणतात नियोजन."

शुक्रवारी दुपारी सर एक डोळा घड्याळावर ठेवून जेवले. सुनंदाबाई मात्र निवांत. त्यांनी देवापुढे साखरसुद्धा ठेवून टाकली होती.

"अर्ज जायच्या आधीच?"

"राहू दे हो. नंतर घाईत विसरते मी."

चार वाजता चौघं कॅफेत हजर. सरांच्या हातात नारळ, अक्काच्या हातात कुंकवाची डबी आणि काखेत पंचांग. कॅफेवाला दिलीप हा सरांचाच जुना विद्यार्थी. त्याने उठून पाया पडून घेतलं, आणि मग डबीकडे नजर गेली.

"सर, मॉनिटर पे मत लगाइए. और नारियल बाहर फोड़िए, यहाँ नीचे यूपीएस है."

"ठीक है, ठीक है. मशीन चालू कर." सर मधल्या खुर्चीत बसले. माउसला कुंकू लागलं. दिलीपने तोंड फिरवून घेतलं. समोर वेबसाइटचं पहिलं पान उघडलं होतं आणि सर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. निहारिका मागे उभी राहून काहीतरी सांगू की नको असं करत होती, पण तिकडे लक्ष कोणाचं?

"शरद," अक्का म्हणाली, "चीनमध्ये आत्ता किती वाजले असतील रे?"

असा प्रश्न भूगोलाच्या मास्तरला विचारावा आणि त्याने गप्प बसावं, हे कसं शक्य आहे? सर खुर्चीतल्या खुर्चीत वळले.

"सोपं आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणून पूर्वेला सूर्य आधी. पंधरा रेखांशांना एक तास. आता चीन आपल्या पूर्वेला. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे चार वाजले असतील, तर तिकडे साडेस..."

सर थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हा वाचायचा चष्मा होता. मग त्यांनी वाकून पानावरची ती बारीक अक्षरं वाचली. वेळ बीजिंगची, असं स्वच्छ लिहिलं होतं. आणि त्याखाली लाल ओळ. अर्ज स्वीकारणं बंद झालं आहे.

अनुराधा लागायला अजून अवकाश होता. सरांनी तिची वाट बघितली नाही. सटासट बटण दाबत सुटले. लाल ओळ जागची हलली नाही.

"माझ्या हाताने घालवलं पोरीचं वर्ष," सर म्हणाले. "पोरांना या गणितासाठी बाकावर उभं केलंय मी."

दिलीप हळूच म्हणाला, "मुझे भी, सर."

"देवासचा मुलगा वाईट नाही हो," अक्का म्हणाली. तिला खरंच धीर द्यायचा होता.

तेव्हा निहारिका पुढे आली. "बाबा, मी सकाळीच पाठवला अर्ज. नुसता फोटो नीट दिसतो का बघायला आले होते. बीजिंगची वेळ दिसली आणि तुमचंच गणित आठवलं. घरी आले तर तुम्ही नारळ सोलत बसला होतात, इतके खुशीत होतात, की सांगवेना. वाटलं, तुम्ही नुसतं बटण दाबाल आणि झालं."

सरांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग सुनंदाबाईंकडे पाहिलं. साखरेचा उलगडा झाला.

"सकाळी किती वाजता?" अक्काने पंचांग उघडलं होतं.

"साडेअकरा असतील, आत्या."

"शुक्रवार, साडेअकरा." अक्काने बोट ठेवलं. "भर राहूकाळ. हा अर्ज काही फळायचा नाही. मी देवासला कळवते."

निहारिकाचा चेहरा उतरला. आणि पागेसर ताठ उभे राहिले, फळ्यासमोर राहायचे तसे.

"अक्का, अर्ज पोचला कुठे? चीनमध्ये. तिथे तेव्हा दोन वाजले होते. राहूकाळ कधीच उठून गेला होता."

अक्काने तोंड उघडलं, मनाशी हिशेब केला आणि पंचांग मिटलं. सुनंदाबाई म्हणाल्या, "बघा, आता कसे पटकन आठवले अडीच तास!"

सर नारळ फोडायला बाहेर गेले.

अर्ज फळला. निहारिका सप्टेंबरात चीनला गेली, आणि देवासच्या मुलाला इंदूरची मुलगी मिळाली. पागेसर अजूनही म्हणतात की काळाची मूळ रेषा उज्जैनचीच. फक्त कोणी लग्नाची पत्रिका हातात देऊन "सर, संध्याकाळी पाचला नक्की या" म्हणालं, की ते चष्मा लावतात, खालची बारीक अक्षरं वाचतात आणि हळूच विचारतात, "कुठले पाच?"