ब्लॉगचावडीवर त्रिंबकबुवांच्या चालीस गळा लाभला, त्याची हकीकत

॥ श्री ॥ नमन त्या नारदास, जो वीणा खांद्यास लावोन तिन्ही लोकी हिंडतो, आणि कोणी ऐको न ऐको, नाम सोडत नाही. नमन शारदेस, जी थोरामोठ्यांच्या लेखणीत बसते तैसीच अडखळत्या बोटातही बसते. नमन सकळ श्रोतेजनांस. अहो, ऐसे दूर का बसता? खांबास टेकलेले जरा पुढे सरका, बायांनो सतरंजीवर जागा करा, कडेवरचे मूल रडत असेल तर तेही येथेच आणा, त्यासही ऐकू द्या. एक गोष्ट सांगतो. तीत लढाई नाही, तोफ नाही, कोणाचा मुलूख कोणी मारिला नाही. एका सुनेने काय धीर धरिला इतकेच आहे, परंतु तेही थोडके नव्हे.

शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, भाद्रपद मासी वर्तमान ऐसे जाहले की, एक राज्य होते, त्यास कोट नाही, खंदक नाही, वेशीवर पहारा नाही. प्रजा आपापल्या घरी आणि राज्य प्रत्येकाच्या हातातील मोबाईलात. त्या राज्यास लोक ब्लॉगचावडी म्हणत. तेथील शिरस्ता ऐसा की, कोणीही यावे, लेख लिहावा आणि चावडीवर लावावा, मग वाचणाराच्या मनास आला तर त्याने आपला कौल द्यावा, आणि सातवे दिवशी सरकारी खजिन्यातून कौलाप्रमाणे लेखकास बिदागी पावावी. परंतु कौल सर्वांचे सारखे नव्हेत. जुन्या मानकऱ्यांनी एक कौल टाकिला की पारडे भुईस टेकावे, आणि नव्या माणसाचा कौल म्हणजे सुपातून उडालेला कोंडा. याकरिता नवे लोक रोज येत, दोन लेख लावीत, बिदागीची वाट पाहात, आणि "येथे काही अर्थ नाही" म्हणोन निघोन जात. त्याच सुमारास वत्सलाबाई आंबर्डेकर त्या चावडीवर दाखल जाहल्या. त्यांचा हेतू मात्र बिदागीचा नव्हता. त्यांचे सासरे त्रिंबकबुवा मोठे हरिदास. त्यांनी गजेंद्रमोक्षाचे आख्यान स्वतः रचिले, पदे स्वतः बांधिली, चाली स्वतः लाविल्या, आणि चाळीस वर्षे गावोगावी गाइले. मग घशास दुखणे लागले, वैद्यांनी शस्त्र चालविले, प्राण राहिले आणि आवाज गेला. कानाशी कुजबुज करावी इतकाच राहिला. शिष्य दोघे होते, त्यात एक परमुलखी नोकरीस गेला आणि दुसरा वरातीत गाऊ लागला. आवाज होता तेव्हा यंत्रात भरून ठेवा म्हणोन लोकांनी बहुत विनविले, तर बुवा म्हणत, "कीर्तन म्हणजे काय लोणचे आहे, बरणीत घालून फडके बांधायला?" आता पदे कागदी उतरली होती, परंतु चाल कागदी उतरत नाही. बुवांचे वय झालेले, प्रकृती नाजूक. ते असता कोणी गळा असलेला येऊन समोर बसेल तरच चाल राहील, नाही तर बुवांसवे जाईल, हे वत्सलाबाईंचे दुःख. चावडीवर दहा मुलखांची माणसे वाचतात, त्यात एक तरी गाणारा निघेल, या आशेने त्यांनी लेखणी धरिली.

पहिला लेख लाविला त्यात गणेशाचे नमन. दुसऱ्यात शारदेचे. मग सद्गुरूंचे, मग संतांचे, मग श्रोत्यांचे, मग नरदेहाच्या दुर्लभतेचे निरूपण. आणि गजेंद्र अद्याप अरण्यातच, तळ्याकाठीही आला नव्हता. कौल एकही नाही. एका अनोळखी वाचकाने मात्र खाली लिहिले, "ताई, हत्ती कधी येणार?" बाईंस फार लागले. मग एके दुपारी बापू फरांदे म्हणोन कौलांचा मक्तेदार होता, त्याचा निरोप आला. हा इसम कौल विकत असे. फोन करोन म्हणाला, "वहिनी, तुमचं लिखाण सोनं आहे हो, पण सोनं माळ्यावर ठेवलं तर कोणाला दिसणार? थोडे पैसे माझ्याकडे सोडा, पटापट कौल पाडतो, लेख चावडीच्या माथ्यावर जातो, मग बघा कशी रांग लागते." बाई म्हणाल्या, "पण ते वाचतील का?" बापू हसोन म्हणाला, "वाचायचं काय त्यात? कौल पडल्याशी काम!" बाईंनी रात्रंदिवस विचार केला, पुढे मोह जाहला, आणि जे द्यावयाचे ते दिले. दुसरे दिवशी लेख लाविला मात्र, डोळ्याचे पाते लवते न लवते तो कौलांची बरसात जाहली, लेख माथ्यावर गेला, आणि बाई मोबाईल घेऊन धावत सासऱ्यांपाशी आल्या. "मामंजी, बघा, बघा तरी!" बुवांनी चष्मा लाविला, निरखोन पाहिले आणि कुजबुजले, "लेख वाचायला किती वेळ लागतो, सूनबाई?" "लागेल की पाव घटका." "आणि हे कौल कधी पडले?" बाईंनी मोबाईल पदराआड घेतला. बुवा म्हणाले, "एका संस्थानात आमच्या कीर्तनास दिवाणांनी भाड्याचे श्रोते बसविले होते. आम्ही चरण पुरता म्हणायच्या आधीच माना डोलवायचे. मृदंगवाल्याला हसू आवरेना. त्या दिवसाइतके एकटे आम्हाला कधी वाटले नाही." इतके बोलोन ठसका लागला, बाईंनी पाणी दिले. पुढे चावडीच्या कारभाऱ्यांसही तो प्रकार विदित जाहला, बाईंची पत उतरविली, लेख तळास गेला, आणि रांग म्हणावी तर एक माणूसही आला नाही. बाईंनी मोबाईल उपडा ठेविला आणि म्हणाल्या, "मामंजी, झालं. आता मला नाही जमायचं."

बुवा रागे भरले नाहीत. जवळ बोलाविले आणि पुसिले, "तू तिथे कोणाच्या कीर्तनाला बसलीस?" "म्हणजे?" "म्हणजे दुसऱ्याचं काही वाचलंस का?" बाई म्हणाल्या, "माझंच लिहून होत नाही, दुसऱ्याचं कधी वाचू?" तेव्हा बुवा म्हणाले, "आम्ही वाटेने जाताना कोणाचे कीर्तन चालू दिसले तर जोडे काढून मागे बसायचो. तो नवखा असला तरी. त्याने बुक्का लावला तर लावून घ्यायचा, चुकला तर मान खाली घालायची, आणि शेवटच्या आरतीआधी उठायचे नाही. जो दुसऱ्याच्या कीर्तनात बसत नाही, त्याच्यापुढे कोणी का बसावे? आणि काय गं, एवढं नमन कशाला घातलंस?" बाई चकित होऊन म्हणाल्या, "तुम्हीच तर तासभर घालायचा!" बुवांस हसू आले, ते आवाजाविना हसणे, खांदे मात्र हलले. म्हणाले, "अगं वेडे, ते मंडळी जमेपर्यंत! बाया भाकऱ्या उरकून येणार, पुरुष गुरे बांधून येणार, तोवर गजेंद्राला तळ्यात ढकलून कसे चालेल? तुझा लेख तर जागचा हलत नाही. जो जेव्हा येईल त्याला तेव्हा पहिल्यापासून आहे. तू हत्तीला पाण्यात घाल."

मग वत्सलाबाईंनी तैसेच केले. गजेंद्र पाण्यात घातला, नक्राने पाय धरिला, आणि दर गुरुवारी आख्यानाचा एक तुकडा लावू लागल्या. आणि बाकीचे दिवस दुसऱ्यांच्या दारी जाऊन बसू लागल्या. कोणी कोंबड्यांच्या दुखण्याविषयी लिही, कोणी आईच्या हातच्या घावनाविषयी, कोणी नुसतेच रुसवे लिही. बाई सगळे शेवटपर्यंत वाचीत, आणि "छान" म्हणोन पळोन न जाता, जे खरोखर मनात येई ते पुसत, आणि आपला कोंड्याएवढा कौल ठेवीत. दिवाळी गेली, संक्रांत गेली. कधी दोन कौल पडत, कधी एक, कधी काहीच नाही. बुवांची प्रकृती क्षीण होत चालली. बाई स्वयंपाक करिता करिता मनात म्हणत की, देवा, नक्राने पाय ओढत नेला आहे आणि तू अजून गरुडावर जीनच घालतो आहेस. तथापि गुरुवार चुकविला नाही. एके दिवशी त्यांस खाडीकाठच्या हसुराम केणी नामे कोळ्याचा लेख दिसला, फाटके जाळे शिवण्याविषयी, त्यावर कोणाचाही कौल नव्हता. बाईंनी वाचिला आणि पुसिले, "दादा, भोक पडले तर आधी कडेचे धागे का कापता? त्याने ते आणखी मोठे होत नाही का?" उत्तर आले, "होतं की ताई. पण कुजका धागा ठेवून गाठ मारली तर पहिल्याच मासळीला सुटते. आधी मोठं करायचं, मग शिवायचं. लेख वाचलात तुम्ही, मला वाटलं कोण वाचतंय." पुढे हसुरामही त्यांच्या दारी आला, आणि मागील सगळे गुरुवार एका बैठकीस वाचोन काढिले, आणि लिहिले, "ताई, आमच्या देवळात मी भजन म्हणतो. तुमच्या हत्तीचं पद माझ्या तोंडात बसलंय, पण चाल माझीच लावतोय. खरी कशी आहे?" बाईंनी ते दोनदा वाचिले, मग चूल तैसीच ठेवोन बुवांपाशी गेल्या, आणि मोबाईल त्यांच्या डोळ्यांपुढे धरिला.

बाईंनी बोलावणे धाडिले, आणि चैत्रात हसुराम बुवांच्या घरी आला. टोपलीत कैऱ्या, अंगावर स्वच्छ सदरा, आणि बुवांस पाहोन पाया पडला, तो उठेचना. बुवा लोडास टेकोन बसले, आवाज नाही, परंतु बोटांनी मांडीवर ताल धरिला, आणि हसुराम गाऊ लागला. चुकला की बुवा बोट उचलीत, पुन्हा पहिल्यापासून. हसुराम म्हणे, "बुवा, मी जाडा माणूस, जाळं ओढणारा, मला नाही येणार ही हरकत," तर बुवा कुजबुजत, "हत्ती तरी कोण बारीक होता?" आणि दोघे हसत. ऐसे बहुत दिवस चालले, हसुराम भरतीओहोटी पाहोन येई आणि जाई. अखेर ते पद आले, "सोंड थकली, बळ सरले, आता तुझे नाव उरले". हसुरामाने ते म्हटले आणि त्याच दमात "हरी" म्हणोन हाक मारिली. बुवांनी तळहात वर केला. पुन्हा म्हटले, पुन्हा तळहात. हसुराम कासावीस होऊन म्हणाला, "सूर चुकतो का, बुवा?" बुवांनी मान हलविली आणि जवळ ओढोन कानात सांगितले, "सूर बरोबर आहे. तू हाक फार लवकर मारतोस. बळ सरल्यावर हाक मारायलासुद्धा बळ जमवावे लागते. मृदंग बंद, झांज बंद, तू बंद. लोकांना वाटू दे, गेला हत्ती. मग हाक." हे बाईंस ठाऊक नव्हते. चाळीस वर्षांची ती जागा कागदावर कोठेच नव्हती, कारण तीत अक्षरच नव्हते. हसुरामाने पुन्हा म्हटले, आणि थांबला. बुवांचे बोट मांडीवर तैसेच अधांतरी राहिले. मग हाक निघाली, आणि बुवांनी डोळे मिटले, आणि वत्सलाबाईंनी पदर तोंडास लाविला.

आषाढात बुवा हरीचे पायी गेले. चावडीवर वत्सलाबाईंस पुढे मान मिळाला, थोडीबहुत बिदागीही मिळाली, ते विस्ताराने सांगण्याजोगे नाही. हसुराम खाडीकाठच्या सात गावी ते आख्यान गातो आणि बाई अजून गुरुवारी लिहितात. येणेप्रमाणे हकीकत समाप्त. सार इतकेच की, नव्याने लिहिणाराने दुसऱ्याचे वाचीत असावे, आपले लावीत असावे, आणि भाड्याच्या माना मोजू नयेत. आणि श्रोते हो, एक मागणे आहे. कधी तुम्ही गजेंद्रमोक्षास बसाल, आणि हरिदास बळ सरले म्हणोन एकाएकी गप्प होईल, तेव्हा शेजाऱ्यास "विसरला वाटते" ऐसे म्हणू नका. तितका वेळ आमच्या त्रिंबकबुवांची आठवण करा.