मास्तरांचं मौन आणि पाण्याचा पेला

"गप्प बसणं? हॅः! त्यात काय मोठंसं!" थ्रासिवूलोस मास्तरांनी छाती ठोकून बायकोला सांगितलं. "रविवारी मुलाकडचे येतील, जेवतील, जातील. शब्दांविषयी एक अक्षर जरी बोललो तर नाव बदलून ठेव माझं!"

पोलिक्सेनीने कपाळाला हात लावला. व्होलोस बंदरावर मास्तर येताना दिसले की लोक गल्ली बदलायचे. निवृत्त झाल्यापासून तर विचारूच नका! मासे घ्यायला जायचे आणि कोळ्याला माशाच्या नावाची कुळकथा ऐकवत बसायचे, मागे रांग पार धक्क्यापर्यंत! त्यांच्या लेकीचं, मिर्तोचं मागचं स्थळ याच पायी फिसकटलं होतं. ग्रीक भाषेत कलेजीच्या नावात अंजीर कसं शिरलं, हे मास्तर मुलाच्या आईला इतकं रंगून सांगत होते, की ती बाई उठून कधी गेली तेही त्यांना कळलं नाही.

"बाबा, इओर्दानिस मला मनापासून आवडतो हो," मिर्तो म्हणाली. "एवढ्या खेपेला, माझ्यासाठी..."

लेकीचे डोळे भरलेले पाहून मास्तरांनी पुन्हा शपथ घेतली.

रविवारी इओर्दानिस वडिलांना घेऊन लारिसाहून आला. वडील प्रोद्रोमोस चर्चमध्ये स्तोत्रं गायचे. दाढी भरघोस, चेहरा भलताच गंभीर.

"या, बसा," मास्तर म्हणाले आणि थांबले. प्रोद्रोमोसनी मान हलवली आणि तेही थांबले!

टेबलावर पाव, वाइन आणि निखाऱ्यांवर भाजलेले मासे आले. बिचारे मास्तर! त्यातल्या एकेका पदार्थाच्या नावावर त्यांचा जीव होता. पोलिक्सेनीने पाणी ओतलं आणि मास्तर कण्हले. प्रोद्रोमोसनी दचकून पेला खाली ठेवला. मग त्यांनी पाव उचलला, तर मास्तरांनी डोळेच मिटून घेतले. पाहुण्यांनी पाव मुकाट्याने परत ठेवला.

"यंदा ऑलिव्ह बरे आलेत," पोलिक्सेनी म्हणाली. कोणी हूं की चूं केलं नाही. 'बोल की काहीतरी!' म्हणून तिने टेबलाखालून नवऱ्याला लाथ हाणली. मास्तरांना वाटलं, शपथेची आठवण करून देतेय. त्यांनी ओठ आणखी घट्ट मिटले!

शेवटी प्रोद्रोमोस उठले. "चल पोरा. आपण प्यायलेलं पाणी ज्यांना बघवत नाही, त्यांच्याशी सोयरीक नको."

मिर्तोचा चेहरा पांढराफटक पडला. तो पाहिला मात्र, आणि मास्तरांचा बांध फुटला.

"अहो, बघवत नाही कसं? बघून भरून येतंय!" त्यांनी पेला उंच धरला. "याला आपण 'नेरो' म्हणतो ना? मुळात त्याचा अर्थ नुसतं 'ताजं'! लोक 'ताजं पाणी, ताजं पाणी' म्हणत राहिले, त्यातलं पाणी गळून पडलं आणि 'ताजं'च पाणी होऊन बसलं! आणि हा पाव? त्याच्या नावाचा अर्थ होता 'घास'! वाइन म्हणजे 'मिसळलेलं', कारण आपले पूर्वज ती पाणी घालून प्यायचे. मासा तर नुसतं 'तोंडीलावणं'! काय डोकं असेल हो त्या साध्यासुध्या लोकांचं! जेवता जेवता भाषा घडवली त्यांनी!"

पोलिक्सेनीने डोळे झाकले. मिर्तोने इओर्दानिसचा हात धरला. गेलं, हेही स्थळ गेलं!

प्रोद्रोमोस हळूच खाली बसले. त्यांची दाढी थरथरत होती.

"आणि पाण्याचा, पावाचा, वाइनचा त्याआधीचा जुना शब्द," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अजून आहे. चर्चमध्ये आम्ही तोच गातो. काहीही फेकून दिलं नाही आपल्या लोकांनी!"

"बाबा!" इओर्दानिस ओरडला. "तुम्ही वचन दिलं होतंत!"

"कसलं वचन?" पोलिक्सेनीने विचारलं.

"स्तोत्रातल्या शब्दांविषयी तोंड उघडणार नाही म्हणून!" इओर्दानिस ओशाळून म्हणाला. "त्यापायी आमच्याकडे कोणी जेवायला येत नाही!"

मास्तरांनी उठून प्रोद्रोमोसना कडकडून मिठीच मारली. मग काय विचारता! एकाने जुना शब्द काढावा, दुसऱ्याने त्याचं पुढे काय झालं ते सांगावं. मासे गार झाले, पेले रिकामे झाले, ऊन कलायला आलं.

"बघितलंस?" प्रोद्रोमोस गेल्यावर मास्तर ऐटीत म्हणाले. "जमलं की नाही? दर रविवारी भेटायचं ठरलंसुद्धा!"

"ते तुमचं दोघांचं जमलं," पोलिक्सेनी म्हणाली. "पोरांच्या लग्नाचं काय?"

मास्तरांनी जीभ चावली. ते विचारायचं राहूनच गेलं होतं!