माणूस निघालाय

"रात्रभराच्या रिले शर्यतीत आपल्या ऑफिसचा संघ उतरवायचा आहे, तेव्हा कोणाची..." एवढंच साहेब म्हणाले होते. 'तयारी आहे' हे शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत तक्राररावांचा हात वर गेला. सगळं ऑफिस माना वळवून बघत राहिलं. हाताशी असलेली पाण्याची बाटलीसुद्धा दुसऱ्याला द्यायला सांगणारा हा माणूस रात्रभर पळणार?

ऑफिस होतं लिफ्टच्या देखभालीचं, आणि तक्रारींचा फोन घेतात म्हणून ते तक्रारराव. स्वतः त्यांनी उभ्या आयुष्यात कसलीही तक्रार केली नव्हती. कुठल्याशा इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला माणूस रडकुंडीला येऊन फोन करायचा आणि तक्रारराव थंडगार आवाजात सांगायचे, "जिथे आहात तिथेच थांबा. घाबरू नका. माणूस निघालाय." माणूस त्या वेळी समोरच्या टेबलावर चहात बिस्कीट बुडवत असायचा. पण वाक्यात जादू होती. ते ऐकून पलीकडचा निवांत व्हायचा, आणि इकडचा दुसरं बिस्कीट घ्यायचा.

हात वर करण्याचं कारण मात्र तक्राररावांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कारण घरी होतं, सात महिन्यांचं होतं, आणि त्याला लाडाने 'भोंगा' म्हणत. दिवसभर मुलगी गुणी बाळ. रात्री दिवा मालवला की भोंगा वाजायचा तो उजाडेपर्यंत. मग बायको उठायची, तिला खांद्यावर टाकून दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालायची, आणि तक्रारराव चादरीत डोळे मिटून जागे राहायचे. यालाही कष्ट पडतात, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. सात महिन्यांत त्यांची झोप अशी काही उडाली होती की दाढी करताना आरशातला माणूस त्यांना ओळखीचा वाटेनासा झाला होता.

आणि या शर्यतीत, साहेबांनी लावलेल्या पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, एक पळत असताना बाकीचे गाडीत विश्रांती घेतात. चौघांचा संघ, बारा टप्पे. एक टप्पा पळालं की तीन टप्पे झोपायचं! इतका चांगला सौदा तक्राररावांना आजवर कोणी देऊ केला नव्हता.

"ऑफिसची सक्ती आहे गं," त्यांनी घरी सांगितलं.

"सक्ती म्हटल्यावर काय, जा," बायको म्हणाली आणि भोंग्याला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

तक्रारराव तयारीला लागले. पळण्याच्या नव्हे, झोपण्याच्या. घरून आपली निळ्या चौकड्यांची चादर घेतली, कोपऱ्यावर इस्त्रीचा डाग पडलेली. व्हॅनच्या मागच्या भागात गादी टाकायची म्हणाले, तर तिथे स्टेपनीचं चाक. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे," असं म्हणून त्यांनी ड्रायव्हरकडून ते चाक उतरवून ऑफिसच्या जिन्याखाली ठेववलं. गादी मोजून मापून घेतल्यासारखी बसली.

संघात पहिले साहेब, दुसरा ऑइलमास्तर, म्हणजे लिफ्टच्या दोरांना तेल घालणारा, तिसऱ्या स्टोअरबाई आणि शेवटी तक्रारराव. पळणाऱ्याच्या मनगटाला एक चमकणारा पट्टा. तो पुढच्याच्या मनगटावर चढला की टप्पा संपला. साहेब संध्याकाळी निघाले आणि तक्रारराव गादीवर आडवे झाले. तेवढ्यात ड्रायव्हरने सांगितलं, "साहेबांचा हुकूम आहे. प्रत्येक वळणावर उतरून टाळ्या वाजवायच्या."

टाळ्या वाजवता वाजवता तीन टप्पे गेले आणि चौथा टप्पा पळायची वेळ आली. तो कसाबसा उरकून ते पुन्हा गादीकडे वळले, तर ड्रायव्हर जांभया द्यायला लागला होता.

"याच्याशी कोणीतरी बोलत राहायला हवं," पट्टा मनगटावर नीट बसवत साहेब म्हणाले. "तक्रारराव, बोलण्यात तुमचा हात कोण धरणार?"

झालं! ड्रायव्हर झोपू नये म्हणून तक्रारराव त्याच्या शेजारी बसून जगातल्या यच्चयावत लिफ्टच्या गोष्टी सांगत राहिले. मागे गादीवर ऑइलमास्तर घोरत होता.

साहेबांचा टप्पा, मग ऑइलमास्तरचा. सातवा टप्पा पळायला उतरताना स्टोअरबाईंनी पाहिलं, तर तक्रारराव उभ्या उभ्या, हातातला बूट कानाला लावून "हॅलो" म्हणत होते. बाई मायाळू होत्या. ऑफिसात स्क्रू द्यायलाही त्या तीनदा विचार करत, पण माया मात्र हात राखून करत नसत. त्यांनी तक्राररावांना दंडाला धरून गादीवर आडवं केलं, चादर घातली, आणि ते घोरायला लागल्यावर बाकीच्यांना बजावलं, "यांचा पुढचा टप्पा ऑइलमास्तर पळतील. आणि आभाळ कोसळलं तरी यांना कोणी उठवायचं नाही."

"पळतो की," नुकताच पळून आलेला ऑइलमास्तर म्हणाला. "फक्त पाच मिनिटं टेकतो."

हे सगळं तक्रारराव झोपेत असताना ठरलं. त्यांना उठवायचं नव्हतं, त्यामुळे त्यांना सांगायचाही प्रश्न नव्हता.

पुढच्या थांब्यावर गाडी बंद झाली आणि सगळं शांत झालं. त्या शांततेनेच तक्रारराव दचकून जागे झाले. घरी शांतता म्हणजे आता भोंगा होणार याची सूचना! साहेब पुढच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेले. ड्रायव्हरचं डोकं स्टिअरिंगवर. ऑइलमास्तर दाराला टेकून बसल्या बसल्या झोपलेला, थंडीने कुडकुडत. तक्रारराव मनाचे वाईट नव्हते. आता आपली पाळी आहेच, गादी कशाला रिकामी ठेवायची, असा विचार करून त्यांनी ऑइलमास्तरला गादीवर सरकवलं, आपली चादर त्याच्या डोक्यावरून पांघरली, दार हलकेच लावलं आणि पट्टा बदलायच्या रेघेवर जाऊन उभे राहिले.

स्टोअरबाई धापा टाकत आल्या. त्यांच्या कपाळावरचा दिवा यांच्या डोळ्यांत, यांच्या कपाळावरचा त्यांच्या डोळ्यांत. दोघांनाही समोर फक्त उजेड दिसला. बाईंनी पट्टा मनगटावर चढवला आणि विचारलं, "झोपलेत ना बिचारे?"

तक्रारराव ऑइलमास्तरच्या विचारात होते. त्यांनी मान डोलावली आणि पळायला लागले.

गाडीत पुढे काय झालं ते त्यांना नंतर कळलं. बाईंनी चादरीखालचं गाठोडं पाहिलं, त्यांचं मन भरून आलं. त्यांनी फोटो काढून तक्राररावांच्या बायकोला पाठवून दिला आणि खाली लिहिलं, 'वहिनी, काळजी नसावी. यांना टप्पा माफ केलाय, छान गाढ झोपलेत.' मग ड्रायव्हरला कुजबुजून सांगितलं, "खड्ड्यांच्या रस्त्याने नका नेऊ, ते उठतील. लांबचा पडला तरी गुळगुळीत रस्ता घ्या."

ड्रायव्हरने रस्ता घेतला तो इतका गुळगुळीत होता की तो कुठे जातो याकडे कोणाचं लक्षच राहिलं नाही.

तक्रारराव कालव्याच्या काठाने पळत नवव्या टप्प्याच्या थांब्यावर पोचले. तिथे एक कंदील, एक टेबल आणि टेबलामागे लोकरी टोपीतल्या एक बाई होत्या. गाडी नव्हती, साहेब नव्हते. त्यांनी स्टोअरबाईंना फोन लावला.

"कोण?" बाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"मी तक्रारराव."

"हळू बोला हो! तक्रारराव झोपलेत."

"मीच बोलतोय ना पण!"

 पलीकडून चादर ओढल्याचा आवाज, ऑइलमास्तरचं "पाच मिनिटं झाली का?" आणि बाईंचा "अगं आई गं!" हे सगळं पाठोपाठ ऐकू आलं. फोन साहेबांनी घेतला.

"तक्रारराव, जिथे आहात तिथेच थांबा," साहेब म्हणाले. "घाबरू नका. माणूस निघालाय."

तक्रारराव फोनकडे बघत राहिले. हे वाक्य त्यांनी आजवर हजारो लोकांना ऐकवलं होतं, पण स्वतः ऐकायची ही पहिलीच वेळ. त्याचा अर्थ त्यांच्याइतका पक्का ठाऊक असलेला माणूस शोधून सापडला नसता. माणूस निघालाय म्हणजे माणूस निघालेला नाही! त्यांच्या डोळ्यांसमोर चहात बुडालेलं बिस्कीट आलं.

"खुर्ची देऊ का?" टोपीवाल्या बाईंनी विचारलं.

"नको. बसलो तर उठणार नाही. हा पट्टा तुम्ही ठेवून घ्याल का?"

"तुमच्या संघातल्या माणसाच्याच मनगटावर हवा. घेणारा कोणी नसेल तर थांबायचं, नाहीतर तुम्हीच पुढे न्यायचा."

"कुठवर?"

"कोणी घेईपर्यंत."

पुढच्या थांब्यावर तरी गाडी असेल, या आशेवर तक्रारराव निघाले. आता माणूस खरोखरच निघाला होता. आयुष्यात पहिल्यांदा! बोलणी खाल्लेल्या ड्रायव्हरने या खेपेला खड्ड्यांचा रस्ता धरला आणि तोही जोरात. पुढच्या थांब्यावरून तक्राररावांनी फोन केला तेव्हा साहेबांचा आवाज पार बसला होता.

"चाक फुटलं हो."

"मग स्टेपनी लावा," तक्रारराव म्हणाले. म्हणता म्हणता त्यांना ऑफिसच्या जिन्याखालची ती काळोखी जागा आठवली, आणि तिथे आपणच उभं करून ठेवलेलं चाकही. पलीकडेही सगळ्यांना तेच आठवत असावं.

"गादी लावून बघू का?" मागून ऑइलमास्तरने विचारलं.

दहावा टप्पा ते अर्धा पळाले. अकरावा त्यांनी चालत काढला. बाराव्याला काय म्हणावं हे ठरवणं कठीण आहे, पण पाय पुढे पडत होते एवढं खरं. पोटऱ्यांचे गोळे झाले होते, डोळ्यांत कोणी वाळू टाकल्यासारखं होत होतं. बसावं, पट्टा झाडाच्या फांदीला अडकवावा आणि घरी जावं, असं शंभरदा वाटलं. पण हातातलं घेणारंच कोणी नसलं की ते खालीही ठेवता येत नाही, हे त्यांना त्या रात्री पहिल्यांदा कळलं. रडू आलं, पण त्यालाही दम लागतो, म्हणून त्यांनी ते पुढे ढकललं.

मैदानावर पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं आणि कमानीचा कापडी पडदा दोन माणसं घडी घालून ठेवत होती. शर्यतीच्या माणसाने त्यांच्या मनगटावरचा पट्टा सोडवून घेतला आणि चार पदकं हातात ठेवली.

"बाकीचे कुठे आहेत?"

"निघालेत," तक्रारराव म्हणाले, आणि पहिली मिळाली ती बस धरून उभ्यानेच घरी आले.

बायकोने दार उघडलं. खांद्यावर भोंगा होता, नुकताच वाजून थांबलेला. तिचे केस एका बाजूला सुटले होते, डोळे खोल गेले होते, आणि पायांत दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला होत्या.

"झाली का झोप?" तिने विचारलं.

"झोप? अगं, पाच टप्पे ओळीने पळालोय मी! एकटा!"

तिने फोन त्यांच्यापुढे धरला. गादी, निळ्या चौकड्यांची चादर, कोपऱ्यावरचा इस्त्रीचा डाग, आणि खाली 'छान गाढ झोपलेत'.

"हा मी नाहीये! हा ऑइलमास्तर आहे!"

"आपल्या चादरीत?"

"मीच घातली त्याला!"

"बरं. आणि सक्तीचं काय? फोटो आल्या आल्याच तुमच्या स्टोअरबाईंना फोन केला. म्हटलं, सक्तीने नेलंत, निदान परत तरी पाठवा. त्या म्हणाल्या, सक्ती कसली वहिनी, साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत यांचा हात वर."

 आता कडाक्याचं भांडण होणार म्हणून तक्रारराव भिंतीला टेकून उभे राहिले. पण भांडायलाही अंगात ताकद लागते. बायकोने फक्त भोंग्याला खांद्यावरून उचललं आणि त्यांच्या पुढे धरलं.

"ऐकते मी सगळं. पण आधी हिला..."

'धरा' तिने म्हटलंच नाही. भोंगा त्यांच्या हातात पोचला तेव्हा ती चपलांसकट कोचावर आडवी झाली होती आणि तिचा श्वास लांब पडायला लागला होता.

चार पदकं गळ्यात आणि मुलगी खांद्यावर घेऊन तक्रारराव खोलीच्या मधोमध उभे राहिले. कोचावरचा फोन अजून उजळलेला होता. ते त्या फोटोकडे बघत राहिले. सात महिने ही बाई दारापासून खिडकीपर्यंत चालत होती, आणि पोचेल त्या प्रत्येक टोकाला घेणारा माणूस असाच, याच चादरीत, तोंडावरून पांघरूण घेऊन पडलेला होता. फोटो खोटा होता, पण तेवढ्या एका रात्रीपुरता. त्यांना फार लाज वाटली.

खिशातला फोन थरथरला. भोंग्याने डोळे किलकिले केले. तक्राररावांनी एका हाताने घाईघाईने फोन कानाला लावला.

"तक्रारराव!" साहेब जोशात ओरडत होते. "चाक मिळालं! जिथे आहात तिथेच थांबा, घाबरू नका, माणूस..."

"हळू बोला," तक्रारराव म्हणाले. "ती झोपलीय."

त्यांनी फोन बंद केला आणि पाय ओढत खिडकीकडे निघाले.