भोपळ्यांची सरकारी तपासणी

"चिंचवडात नावांचं दुकान पहिल्यांदा कुणी काढलं, असं उद्या कुणी इचारलं, तर माझंच नाव निघंल!" असं रंगराव सगळ्या आळीला सांगत सुटले होते. दुसरा कुणी या उद्योगाच्या वाटेलाही जाणार नव्हता, ही गोष्ट वेगळी!

आजवर ते नाडे आणि कासरे विकत. गोठ्यात बैल आणि विहिरीवर मोट होती तोवर त्या धंद्याला मरण नव्हतं. पण गाव त्यांना 'दोरवाले' म्हणे, आणि ते त्यांना जिव्हारी लागे. अशात पिंपरीला नवे कारखाने आले, बंगले उठले, आणि त्यातल्या एका साहेबाला सुट्टीच्या दिवशी पवनेत नाव वल्हवायची हौस आली. रंगरावांनी तडक सुताराकडून एक देखणी नाव करून घेतली, तिला हिरवा रंग दिला आणि दुकानावर पाटी ठोकली, 'रंगराव आणि कंपनी, हौशी नावा व सामान'. कंपनी म्हणजे त्यांचा जुना गडी भिमाजी.

साहेब मात्र कायद्याचा माणूस निघाला. "परवाना दाखवा आणि नाव द्या. नाहीतर राहू द्या!" नावा विकायच्या तर सरकारी परवाना हवा, आणि नावेबरोबर माणशी एक तरंगतं साधन द्यायला हवं, असा नियम होता. परवाना हुकला तर नाव अंगणात पडून राहणार, आणि रंगराव मरेपर्यंत दोरवालेच राहणार!

"तरंगतं साधन म्हंजी काय वं?" भिमाजीनं विचारलं.

"अरे, भोपळा! पाठीला वाळका भोपळा बांधूनच आपण समदे पवायला शिकलो की न्हाई? माळ्यावर चांगले चार टांगल्यात. टाक नावंत!"

भिमाजी भोपळे घेऊन शिडीवरून उतरला तो कण्हतच.

"मालक, लई जड हायती."

"जाड सालीचं असत्याल. मजबूत माल हाय!"

"पर आत कायतरी सळसळतंय."

"मग भोपळ्यात बिया न्हाईत तर काय काजू असत्यात? चल!"

भोपळ्यांची तोंडं चिंधी कोंबून शेणानं लिंपलेली होती. ते पाहून रंगरावांना बायकोचं, सुभद्राबाईंचं, कौतुकच वाटलं. पाणी शिरू नये म्हणून बिचारीनं केवढी काळजी घेतली होती!

घाटावर पुण्याहून आलेले तपासनीस उभे होते. त्यांनी नाव ठोकून पाहिली, हलवून पाहिली, तिच्यात बसून घाटाखालच्या डोहात फेरी मारून पाहिली आणि मान डोलावली. मग त्यांची नजर भोपळ्यांवर गेली.

"हे साधन पाण्यात उतरून तपासावं लागेल."

"तपासा की, सायब!"

"मला पोहता येत नाही."

"तेच तर पायजे! पवणाऱ्याला बांधून काय कळणार?"

हा मुद्दा तपासनिसांना बिनतोड वाटला. त्यांनी चष्मा काढून भिमाजीच्या हातात दिला, टोपी घट्ट बसवली, पाठीला दोन भोपळे बांधून घेतले आणि रामाचं नाव घेत घाटाच्या पायरीवरून डोहात पाऊल टाकलं.

भोपळा तरंगतो, हे पवनाकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तपासनीस मात्र थेट तळाला गेले! वर टोपी तेवढी राहिली.

"मालक, सायब ग्येलं!"

"थांब रे! भोपळा जरा दमानं वर येतो!"

टोपी एक गिरकी घेऊन धारेला लागली, तशी रंगरावांची पाचावर धारण बसली. नाव बांधायला मोटेचा एक नाडा आणला होता. त्याचं टोक घेऊन भिमाजीनं बुडी मारली आणि साहेबांच्या काखेत गाठ घातली. रंगरावांनी मोट ओढावी तसे साहेब ओढून वर काढले.

घाटावर तपासनीस पाणी ओकत होते, तोच सुभद्राबाई ऊर बडवत धावत आल्या. "बाई गं! बुडालं गं! समदं बुडालं!"

तपासनिसांचे डोळे भरून आले. "रडू नका, बाई. मी वाचलोय."

"तुमचं ऱ्हाऊ द्या! माझं हुलगं भिजलं का ते बघा आदी!"

त्यांनी साहेबांच्या पाठीवरचे भोपळे सोडले आणि उपडे केले. भसाभसा पाणी आलं, पाठोपाठ हुलगे.

"ह्यात हुलगं हुतं?" रंगराव किंचाळले.

"मग प्येरणीचं बी कशात ठिवू? तुमच्या पागोट्यात? दर साली भोपळ्यातच ठिवतीया! घरात कंदी वर मान करून बघितलंय का तुमी?" मग त्या साहेबांकडे वळल्या. "आन् तुमी! दुसऱ्याचं बियाणं पाठीला बांदून उड्या मारायचा सरकारचा हुकूम हाय व्हय? आता आमी प्येरायचं काय?"

घाटावर गर्दी जमू लागली. हुलग्यांसकट बुडालेल्या साहेबाची गोष्ट पुण्याच्या कचेरीत पोचायला वेळ लागणार नव्हता, आणि तपासनिसांना अजून बरीच नोकरी काढायची होती.

"रंगराव," ते घाईघाईनं म्हणाले, "नाव उत्तम आहे. दोर तर फारच उत्तम! साधन म्हणून माणशी एक दोर द्या. पण भोपळ्याचं नाव काढू नका!" आणि ओल्या अंगानंच त्यांनी तिथं परवान्यावर शिक्का मारला.

रंगरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नाव घरी न्यायला भिमाजीला सांगून ते तसेच पिंपरीच्या हौशी साहेबाच्या बंगल्यावर गेले. साहेबानं शिक्का उजेडात धरून पाहिला आणि खूश होऊन म्हणाला, "चला, आत्ताच नेतो!" साहेब, रंगराव आणि भाड्याची बैलगाडी अशी वरात घरी आली.

अंगणात हिरवी नाव होती. तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत हुलगे पसरलेले होते, आणि सुभद्राबाई काठी घेऊन चिमण्या हाकत बसल्या होत्या.

"अगं, काढ हे! सायब नाव न्यायला आल्यात!"

"हुलगं वाळंपतूर न्हाई."

"अगं, परवाना मिळालाय!" रंगरावांनी तो त्यांच्या डोळ्यांपुढे नाचवला.

सुभद्राबाईंनी एक चिमणी हाकली.

साहेबानं एकदा परवान्याकडे पाहिलं, एकदा सुभद्राबाईंच्या काठीकडे पाहिलं आणि बैलगाडी वळवायला सांगितली. नाव विकायची परवानगी सरकारनं दिली होती. घरातून अजून मिळायची होती!