अडकलेला निकाल

ट्यूब बदलून झाली तेव्हाच त्याने स्टुलावरून उतरायला हवं होतं. पण केलेलं काम माणसाला जरा डोळे भरून पाहावंसं वाटतं. मान मागे टाकून तो नव्या ट्यूबचा उजेड बघत राहिला, एक पाय अंदाजाने खाली सोडला, आणि खांद्यावरच्या हत्यारांच्या पिशवीचा पट्टा टेबलावरच्या चादरीत अडकला. तो सुखरूप जमिनीवर आला. चादरही आली. आणि चादरीबरोबर चार पुठ्ठ्याचे आकडे आले.

चादरीखालची खेळातली यंत्रं डगमगली, पण पडली नाहीत. एक, दोन, तीन, चार हे आकडे मात्र खोलीभर पसरले. तीन तर थेट कपाटाखाली गेला.

त्याने आधी दाराकडे पाहिलं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळी इमारत त्याला मिस्त्री म्हणायची. दहाव्या मजल्यावर अडकलेल्या माणसांना त्याने थंड डोक्याने बाहेर काढलं होतं. पण या टेबलापाशी त्याचं डोकं थंड राहत नसे, कारण हे टेबल त्याच्या लेकीचं होतं. लेकीला घरात बारकी म्हणत. आता ती सातवीत होती आणि उंचीने आईच्या खांद्याला लागली होती, तरी नाव तेच राहिलं होतं.

बारकी आणि तिचं मित्रमंडळ टेबलावर लढाईचा एक खेळ खेळत. त्यात अजस्र यंत्रं असत. वीतभर उंचीची, प्लास्टिकची, हाताने रंगवलेली. पण खेळात ती डोंगराएवढी समजायची. त्यांतलं सगळ्यात जड यंत्र कुठलं, म्हणजे कुणाचं चिलखत जाड, कुणाच्या तोफा मोठ्या, कुणाला पाडणं अवघड, यावर तीन रविवार रणकंदन झालं होतं. पहिला नंबर ज्याचा, तो पुढच्या मोठ्या लढाईचा सेनापती होणार होता. त्यामुळे कुणीच माघार घेईना. शेवटी सगळ्यांनी बारकीला जज केलं, कारण या वेळी तिचं स्वतःचं यंत्र नव्हतं. आठवडाभर विचार करून तिने काल नंबर लावले, वर चादर घातली आणि बापाला पुन्हा बजावलं, "बाबा, उद्या सहाला निकाल आहे. तोवर तू या टेबलाच्या जवळपाससुद्धा फिरकायचं नाही."

बजावण्याला कारण होतं. मागच्या महिन्यात बाथरूमचा नळ गळत होता आणि त्याला योग्य मापाची एक नळी हवी होती. तशी एक टेबलावर दिसली. नळ आजही गळत नाही. पण ती तोफ होती. बारकी त्यानंतर आठवडाभर त्याच्याशी फक्त 'हं' आणि 'नको' एवढंच बोलली होती. आत्ता कुठे ती पुन्हा शाळेतल्या गमती सांगायला लागली होती. म्हणून तर निकालाच्या वेळी टेबलावर लख्ख उजेड असावा, असं त्याच्या मनात आलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

त्याने बायकोला फोन लावला. ती औषधाच्या दुकानात कामाला होती आणि दुकानात गर्दी होती.

"अगं, बारकी तुला काही बोलली होती का? पहिला नंबर कुणाचा ते?"

"तुम्ही हात लावलात?"

"हात नाही लावला."

"मग?"

"पट्टा लागला."

"अहो, काय हे! काका, या गोळ्या जेवणानंतर हं. नाही, तुम्हाला नाही म्हणत. तुम्ही तिला खरं ते सांगून टाका."

"पुन्हा 'हं' आणि 'नको' सुरू होईल."

"होऊ दे. ते परवडलं. पण लपवलंत आणि तिला कळलं, तर तेवढंही बोलणार नाही," असं म्हणून तिने फोन ठेवला.

सल्ला सोन्यासारखा होता. पण घाबरलेल्या माणसाला सोनं दिसत नाही. त्याने काठीने तीनचा आकडा कपाटाखालून ओढला आणि यंत्रांसमोर उकिडवा बसला.

उंच, खांद्यावर दोन करवती घेतलेलं यंत्र म्हणजे डोंगरखाऊ. ते वकिलाचं. वकील म्हणजे तेरा वर्षांचा एक मुलगा, जो 'पाणी पी' म्हटलं तरी मुद्दा मांडायचा. सहा तोफांचं ते भूकंप. ते चौथ्या मजल्यावरच्या कॅशियरकाकांचं. हे काका बँकेत नोटा मोजत आणि सुट्टीच्या दिवशी मुलांपेक्षा जास्त जिद्दीने खेळत. हरले की चहा न घेता घरी जात. गोल पोटाची लोखंडी आजी ही दोघी जुळ्या बहिणींची. आणि एका कोपऱ्यात चपटं, बसकं, बटबटीत हिरवं असं गोगलगाय. ते चश्मिसचं. चश्मिस एवढी अबोल होती, की तिने वाद कधी घातलाच नव्हता. दुसऱ्यांचे वाद चालू असताना ती आपल्या यंत्राला आणखी एक हात रंग द्यायची.

"जड म्हणजे काय?" त्याने स्वतःला विचारलं. आणि ज्याने आयुष्यभर वजनं टांगली, त्याला जे सुचावं तेच सुचलं. त्याने यंत्रांचे पाय पाहिले. गोगलगायीचा तळ सगळ्यात रुंद. एक. त्याखालोखाल आजी. दोन. भूकंपला काटकुळे पाय. तीन. डोंगरखाऊ तर बगळ्यासारखं उभं होतं. चार. त्याने चादर घातली, सुरकुत्या जशाच्या तशा पाडायचा प्रयत्न केला, आणि मग लक्षात आलं की आधीच्या सुरकुत्या कशा होत्या हेही त्याला आठवत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. वॉचमन होता.

"मिस्त्री, लवकर या. लिफ्ट अडकली. तुमची बारकी आहे आत, आणि ती सगळी पलटण."

दुसऱ्यांच्या लिफ्ट नीट ठेवणाऱ्या मिस्त्रीच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट आठवड्याआड अडकायची. दिव्याखाली अंधार तो हाच. तो पिशवी घेऊन धावत तिसऱ्या मजल्यावर आला. जुनी, जाळीच्या दाराची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये लोंबकळत होती. आतल्यांना त्याच्या फक्त चपला दिसत होत्या. बिघाड नेहमीचाच होता. दाराच्या कॉन्टॅक्टवर, म्हणजे विजेच्या जोडणीच्या पत्र्यावर, काजळी धरायची. पत्रा घासला, स्क्रू आवळला, की लिफ्ट हलायची. पाणी पिण्याएवढं काम.

त्याने स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि आतून वकिलाचा आवाज आला.

"लिफ्ट अडकली म्हणून मुद्दा बदलत नाही. डोंगरखाऊच पहिलं. बारकीला पण ते माहितीये. बघा तिचा चेहरा!"

मिस्त्रीचा हात थांबला. खोलीतली चारही गुपितं ज्या डोक्यात होती, ते डोकं आत होतं, आणि बाकीचे सगळे त्या डोक्याला खोदत होते. थोडा वेळ मिळाला, तर निकाल आपोआप बाहेर पडेल. मग धावत वर जायचं आणि आकडे नीट लावायचे.

"घाबरू नका रे!" त्याने हाक दिली. "जरा वेळ लागेल. तोवर बोलत राहा. बोलण्याने आत हवा खेळती राहते."

"असं असतं?" वॉचमनने विचारलं.

"नव्या संशोधनात आहे."

"पण रोज तर तुम्ही झटकन काढता."

"आजचा बिघाड निराळा आहे," असं म्हणून त्याने पाना जाळीवर दोनदा वाजवला. आवाज तरी कामाचा यायला हवा.

पण घडलं उलटंच. अडकलेला माणूस फार वेळ भांडत नाही. आतला पंखा बंद होता, पायाखाली पोकळी होती, आणि मिस्त्रीने स्वतःच 'वेळ लागेल' म्हटलं होतं. सगळ्यात आधी कॅशियरकाकांचा धीर सुटला.

"मुलांनो," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मला सेनापतीपद नको. आजीला द्या पहिला नंबर. आपण सगळे धडधाकट घरी पोचू, एवढंच माझं मागणं."

"नको नको, काका," एक जुळी रडवेली झाली. "तुमचंच भूकंप जड. आम्ही आजीच्या पोटात नुसता कापूस भरलाय."

"आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं," दुसरी म्हणाली.

"माझाही एक मुद्दा आहे," वकील हळू आवाजात म्हणाला. "डोंगरखाऊ तेवढं काही जड नाही. मी जोराने बोलायचो म्हणून ते जड वाटायचं."

बाहेर मिस्त्रीची पंचाईत झाली. आत सगळे एकमेकांना पहिला नंबर वाटत सुटले होते. आता कुठला खरा धरायचा?

"आणि... जजसाहेब काय म्हणतात?" त्याने शक्य तेवढ्या सहज आवाजात विचारलं.

"निकाल सहाला," बारकी म्हणाली. तुरुंगात टाकलं तरी ती फुटली नसती.

मग आतून बारीक हुंदका आला. चश्मिसचा. आणि पाठोपाठ बारकीचा आवाज, समजुतीचा, मोठ्या बहिणीसारखा.

"अगं, रडू नकोस. त्या चपला दिसतायत ना? ते माझे बाबा आहेत. आमच्या वस्तूंची वाट लावतील, पण आत माणूस असलं की ते एक मिनिट वाया घालवत नाहीत. मला तर ते बाहेर असले की भीतीच वाटत नाही."

मिस्त्री पुढे काही ऐकायला थांबलाच नाही. पत्रा घासला, स्क्रू आवळला, आणि लिफ्ट गुरगुरत तिसऱ्या मजल्याला लागली.

दार उघडताच कॅशियरकाकांनी त्याला मिठी मारली. "मिस्त्री, देवासारखे धावून आलात!" वॉचमनने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने जिन्याकडे पाहिलं.

पुन्हा लिफ्टमध्ये पाय ठेवायला कुणी तयार नव्हतं. सगळे जिन्याने निघाले. एक मजला चढेपर्यंत जो तो दुसऱ्याचं कौतुक करत होता. आणखी एक चढताना वकिलाला दम लागला, पण मुद्दा सापडला. "एक स्पष्ट करतो. भीतीपोटी दिलेला कबुलीजबाब धरत नाहीत. लिफ्टमधलं लिफ्टमध्ये."

"अगदी बरोबर," कॅशियरकाका लगेच म्हणाले. "शेवटी सहा तोफा आहेत माझ्या."

"बारके," मिस्त्री मागून दबक्या आवाजात म्हणाला, "एक सांगायचं होतं."

"निकालानंतर, बाबा."

"आधीच सांगायला हवं."

"बाबा!"

घरात शिरताच सगळे टेबलाभोवती जमले. नव्या ट्यूबचा उजेड असा लख्ख पडला होता की काही लपणं शक्य नव्हतं. बारकीने चादर ओढली.

बारकीने आकडे पाहिले आणि मग सावकाश वर पाहिलं, थेट बापाकडे. त्या नजरेत प्रश्न नव्हताच. आता सांगायचं, सगळ्यांसमोर, होईल ते होवो. "त्याचं असं झालं," त्याने सुरुवात केली.

"गोगलगाय पहिलं?" वकील ओरडला. "आणि डोंगरखाऊ चौथं? कशाच्या जोरावर?"

बारकीने बापावरची नजर काढली. मग खांदे ताठ केले.

"जड वस्तू उंच नसते, बसकी असते," ती म्हणाली. "जेवताना बाबा रोज लिफ्टच्या वजनांबद्दल हेच ऐकवतात. ज्याला खरंच वजन पेलायचं असतं, त्याचा तळ बघायचा. डोंगरखाऊच्या पायांवर डोंगर सोड, टेकडी तरी राहील का?"

"पण सहा तोफा!" कॅशियरकाका कळवळले.

"सहाही वर आहेत, काका. खाली काड्या. पहिला धक्का बसला की भूकंप स्वतःच्याच तोफांवर कोसळेल. त्याला पाडायला शत्रू कशाला हवा?"

"आणि आजी?" जुळ्यांनी एकदम विचारलं.

"आजी दोन नंबरला आहे. कापूस काढा, मग पुढचं बघू."

वकिलाने तोंड उघडलं, आणि सगळ्यांच्या देखत, मुद्दा न सापडल्यामुळे, मिटलं.

चश्मिसने चष्मा सारखा केला. "म्हणजे मी सेनापती?" तिने इतक्या हळू विचारलं की पंखा बंद करावा लागला.

"हो."

तिने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. "मग रांगेत उभे राहा," ती म्हणाली. "काका, तुम्ही सगळ्यात मागे."

कॅशियरकाका त्या दिवशीही चहा न घेता गेले.

सगळे गेल्यावर बारकी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मिस्त्री न मागता भांडी घासत होता.

"किती चुकले होते?" त्याने पाठ न वळवता विचारलं.

"सगळे. अगदी उलटे. खालून वर वाचलं असतं तर बरोबर होते."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"जजला स्वतःचा निकाल माहीत नाही म्हणू? पुन्हा कोण जज करेल मला?" ती आत आली. "आणि खरं सांगू? बोलता बोलता माझं मलाच पटलं. गोगलगायच जड आहे. आठवडाभर डोकं फोडलं मी, तेव्हा तू यंत्रांबद्दल हे का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणालीस, टेबलापाशी फिरकू नकोस."

"टेबलापाशी नको म्हटलं होतं. माझ्यापाशी नको कुठे म्हटलं?"

त्याने तेच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. चला, बोलते तरी आहे, त्याला वाटलं, थोडक्यात निभावलं.

"बाबा, त्या दाराच्या कॉन्टॅक्टला किती वेळ लागतो?"

पातेलं हातातून निसटलं. "आज बिघाड जरा मोठा होता."

"मी तुझ्याबरोबर लहानपणापासून कामावर येते. पत्रा घासायचा, स्क्रू आवळायचा. आज तू नुसता पाना वाजवत होतास. मी त्या चश्मिसला काय काय सांगत होते तुझ्याबद्दल!"

"ऐकलं," तो म्हणाला. "म्हणून तर उघडलं."

बारकीने जजचा आवाज काढला.

"निकाल ऐक. या इमारतीत मी कुणावर किती विश्वास ठेवते, त्याचे नंबर. पहिली आई."

"योग्यच आहे."

"दुसरी मी स्वतः."

"बरोबर. मग तिसरा मी," तो घाईघाईने म्हणाला.

"तिसरी लिफ्ट," बारकी म्हणाली. "ती अडकते, पण मुद्दाम अडकत नाही."