पंचापकेशरावांचा हत्ती

आमच्या शेजारचे पंचापकेशराव आफ्रिकेला जायच्या कितीतरी आधीपासून खाकी घालून हिंडायला लागले होते. शर्ट खाकी, पँट खाकी, गळ्यात दुर्बीण. "जंगलांत जनावरांस भडक रंग चालत नाहीं. अंगास सवय पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. पण चेन्नईत खाकी शर्ट घालतात रिक्षावाले. त्यामुळे हे अण्णा नगरच्या मेट्रो स्टेशनाबाहेर उभे राहिले की पिशव्या सावरत कोणीतरी बाई यायच्या आणि विचारायच्या, "कोयंबेडु वरुमा?" म्हणजे कोयंबेडूला येणार का. आपण रिक्षावाले नाही हे सांगायचं सोडून पंचापकेशराव ताठ मानेनं "वरादु" म्हणत. येणार नाही. एका बाईंनी त्यावर शहरातल्या यच्चयावत रिक्षावाल्यांचा राग त्यांच्यावर काढला. तोही त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

मी मूळचा सांगलीचा, इथल्या मोटारींच्या कारखान्यात नोकरीला. राहायला आलो तेव्हा दारावरची 'राव' ही पाटी पाहून शेजारी तेलुगू असतील असं मला वाटलं होतं. पहिल्याच दिवशी ते स्वतः आले. "आम्ही तंजावरचे. तुमची मराठी नवी, आमची जुनी," एवढी ओळख करून दिली आणि माझ्या पहिल्याच वाक्यातली चूक काढली. तेव्हापासून ते माझे मामा आणि मी त्यांचा तंबी, धाकटा भाऊ. नात्याचा हिशेब जुळत नाही, पण चेन्नईत तो कोणी मागत नाही. हॉटेलात सांबार आलं की मामा वेटरला ऐकवतात, "हें आमच्या लोकांनीं केलेलें. तुम्ही पाणी घालून बिघडवलें." वेटर मुकाट्यानं आणखी एक वाटी आणून ठेवतो.

मी आणि मंजिरी, माझी बायको, केनियाला जाणार हे कळलं त्या संध्याकाळी मामा येऊन बसले. "तंबी, मी पण येतों. मला सिंह नको, वाघ नको."

"मामा, तिकडे वाघ नसतोच."

"बरें झालें. मला हत्ती पाहायचा आहे."

"हत्ती तर इथल्या देवळांतही असतो की."

"तो नको," मामा पटकन म्हणाले. मग हळूच म्हणाले की काचबिंदूनं डावा डोळा गेलाच आहे, उजव्याचाही भरवसा नाही, डॉक्टर म्हणतात पाहायचं ते लवकर पाहून घ्या. लग्न केलेलं नाही, घरात विचारायला दुसरं कोणी नाही. मी तोंड उघडायच्या आत मंजिरीनं हो म्हणून टाकलं.

मग तयारीला ऊत आला. जनावरं बुजू नयेत म्हणून मामा लिफ्टमध्येही कुजबुजत बोलायला लागले आणि आम्हालाही बोलायला लावलं. वॉचमनला वाटलं, इमारतीत काहीतरी वाईट घडलंय.

केनियातलं त्सावोचं जंगल अफाट आहे, माती लालभडक. पहिल्याच दिवशी सिंह दिसला. सगळी जीप श्वास रोखून बसली. मामांनी दुर्बीण लावली, काढली. "झोपलेला आहे. आमच्या ऑफिसांत अस्के असेच होते." अस्के म्हणजे सगळे. जिराफाबद्दलचं मत थोडक्यात होतं, "मान जास्ती झाली." हत्तीचा मात्र पत्ता नव्हता. दिसलं ते फक्त शेण. ते मामांनी इतक्या भक्तिभावानं पाहिलं की ड्रायव्हर जोसेफनं गाडी बंद करून त्यांना वेळ दिला. दुसरा दिवसही कोरडाच गेला. रात्री मामा जेवले नाहीत. म्हणाले, पोट बिघडलं. पोट अगदी ठणठणीत होतं.

शेवटच्या सकाळी परतीच्या वाटेवर जोसेफनं अचानक ब्रेक लावला. झुडपांतून हत्ती निघाले, लाल मातीनं माखलेले, पिल्लांना मधे घेऊन. सगळ्यांत मागून एक म्हातारी हत्तीण आली आणि रस्त्यातच थांबली. मामांनी दुर्बीण डोळ्याला लावली, काढली आणि माझ्याकडे दिली.

"तंबी, मला नीट दिसेना. तिच्या पायांत कांहीं आहे कां, पाहून सांग."

"पायांत?"

"साखळी."

"नाही मामा. चारही पाय मोकळे आहेत."

मामा तिच्याकडे बघतच बोलत राहिले. लहानपणी त्यांची आई गेली तेव्हा घरात रडायची सोय नव्हती. ते शेजारच्या देवळातल्या हत्तिणीजवळ जाऊन बसत. ती सोंडेनं त्यांचे केस विसकटत असे. नोकरी लागून मद्रासला निघाले त्या दिवशी तिचा निरोप घेतला आणि वळले, तर ती मागून यायला लागली. "साखळी होती तेथवर आली. मग तेथेंच उभी राहिली. मी बस पकडली, तंबी."

मागच्या सीटवर मंजिरी सरळ रडत होती. समोर हत्तिणीनं कान हलवले आणि कळपामागून आपल्या चालीनं निघाली.

"आतां कोठवर गेली?" मामांनी विचारलं.

"त्या झाडापर्यंत."

"आणि आतां?"

"अजून चाललीय, मामा."